कड्यातली घरे आणि त्यांचे वारस

मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर माझ्याकडे आहे. आम्ही वापरतो त्या पुस्तकात कोलंबस येण्यापूर्वीच्या माणसांना जेमतेम दीड पान मिळाले आहे, आणि त्या दीड पानात एक वाक्य आहे : कड्यांमध्ये घरे बांधून राहणारी एक जमात तेराव्या शतकाच्या अखेरीस गूढरीत्या लुप्त झाली. हे वाक्य मी कित्येक वर्षे वर्गात वाचून दाखवले आहे. मागच्या बाकावरची मुलेसुद्धा तेवढ्यापुरती मान वर करतात, आणि परीक्षेत तेच एक वाक्य बिनचूक लिहितात. मलाही त्यात कधी काही खटकले नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात अध्यापकांच्या एका कार्यक्रमानिमित्त न्यू मेक्सिको राज्यात सहा आठवडे राहायला मिळाले. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, तेव्हा परदेश पाहणारीही पहिलीच. सुटीच्या दोन दिवसांत सोबतच्या बहुतेकांनी ग्रँड कॅन्यनचा बेत केला. मी आणि दुसऱ्या एक अध्यापिका मोटार करून उत्तरेला निघालो आणि पाचेक तासांनी कोलोरॅडो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या मेसा व्हर्डे राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी पोचलो. ते 'लुप्त' झालेले लोक इथलेच.

'मेसा व्हर्डे' हे स्पॅनिश शब्द. अर्थ हिरवे पठार. समुद्रसपाटीपासून सात ते साडेआठ हजार फूट उंचीचे हे पठार खोल घळयांनी चिरलेले आहे. वर जुनिपर आणि पिन्यॉन पाइनची ठेंगणी झाडी. पुष्कळ ठिकाणी मात्र नुसती काळी खोडे उभी आहेत. १९९६ ते २००३ या काळातल्या वणव्यांत उद्यानाचा निम्म्याहून अधिक भाग जळाला. त्या राखेखालून शेकडो नवी अवशेषस्थळे उघडी पडली, हा त्यातला विचित्र लाभ. एकंदर पाच हजारांच्या आसपास स्थळांची नोंद येथे झालेली आहे. त्यांपैकी कड्यातली घरे सुमारे सहाशे.

आपल्याकडे कडा आणि घर हे शब्द एकत्र आले की डोळ्यांसमोर अजिंठा-वेरूळ येते. इथे तसे नाही. अजिंठ्याला माणसाने डोंगर कोरला. मेसा व्हर्डेच्या लोकांनी डोंगर कोरलेला नाही. पाण्याने आणि हिवाने कोरून ठेवलेल्या प्रचंड कपारींमध्ये दगडमातीची घरे बांधली. ही कपार कशी होते ते समजून घेतले की निम्मे मेसा व्हर्डे समजते. वरचा थर वालुकाश्माचा आहे. पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी त्यातून हळूहळू झिरपत खाली उतरते. खाली चिकणमातीच्या दगडाचा थर लागतो, त्यातून पाणी जात नाही. म्हणून ते आडवे वाहत कड्याच्या अंगाला फुटते. हिवाळ्यात तेच पाणी गोठून फुगते, दगडाचे पोपडे सुटतात, छत वर वर जाते आणि कमान तयार होते. म्हणजे ज्या पाण्याने घराला जागा दिली तेच पाणी घराच्या पाठीशी झऱ्याच्या रूपाने उभे राहिले. पाणी जिथे, वस्ती तिथे. हा नियम मला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पण वस्तीची सुरुवात कड्यात झाली नाही, आणि पुस्तकातल्या त्या वाक्याची पहिली फट इथे दिसते. इसवी सन ५५० च्या सुमारास हे लोक पठारावर आले. त्यांच्या विणलेल्या टोपल्या इतक्या सुरेख की त्या काळातल्या लोकांना अभ्यासक 'बास्केटमेकर', म्हणजे टोपल्या विणणारे, याच नावाने ओळखतात. प्रथम ते जमिनीत खड्डा खणून त्यावर लाकूडमातीचे छप्पर घालीत. पुढे जमिनीवर ओळीने खोल्या आल्या, मातीऐवजी घडीव दगड आला. सातशे वर्षांतली सहाशे त्यांनी पठारावर, आपल्या शेतांच्या मधोमध काढली. मका, घेवडा आणि भोपळा ही पिके. कालवा नाही, नदी नाही. वर्षाला सरासरी अठरा इंच पाऊस-बर्फ मिळून, त्यावर कोरडवाहू शेती. ओढ्याओघळींना आडवे दगड रचून त्यांनी माती आणि पाणी अडवले होते. असे शेकडो बांध सापडले आहेत.

त्यातला एक बांध मी बराच वेळ पाहत उभी होते. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी सरकारी कामावर खडी फोडायला आणि नाल्यांवर दगडी बांध घालायला जाई. थेट तसाच बांध. मोठे दगड खाली, फटींत चिपा, पाणी वरून उतरेल तिथे सपाट दगड. माझ्या सोबतच्या बाईंना त्यात पाहण्यासारखे काही वाटेना. त्या म्हणाल्या, "अहो, राजवाडा पुढे आहे."

राजवाडा म्हणजे 'क्लिफ पॅलेस', येथील सर्वांत मोठे कड्यातले घर. नाव अर्थात बाहेरच्यांनी दिलेले. इथे कुणी राजा नव्हता. तिकीट काढून रेंजरबरोबरच जावे लागते. दगडी पायऱ्या उतरून आणि शिड्या चढून त्या कपारीत शिरले की पहिल्यांदा जाणवते ते थंडपण, आणि मग एकदम गाव. चौकोनी मनोरे, गोल मनोरा, एकावर एक तीन-चार मजले, सुमारे दीडशे खोल्या आणि विसाहून अधिक गोल तळघरे. तेराव्या शतकात इथे शंभर-सव्वाशे माणसे राहत असावीत. बाकीच्या खोल्या धान्याच्या. एवढे भव्य घर पाहून सगळीच वस्ती अशी असेल असे वाटते, पण ते खरे नाही. सहाशेपैकी पाऊणभाग घरे एक ते पाच खोल्यांची आहेत. पर्यटकांच्या चित्रात ती येत नाहीत.

भिंतीचे काम जवळून पाहिले. वालुकाश्माचा ठोकळा अधिक कठीण दगडाने ठोकून भाकरीएवढ्या आकाराचा करायचा. माती, पाणी आणि राख कालवून गारा करायचा. गाऱ्यात बारीक दगडाच्या चिपा बोटाने दाबून बसवायच्या. वरून तांबडा, पिवळा, पांढरा गिलावा. आठशे वर्षांपूर्वीच्या बोटांचे ठसे त्या गाऱ्यात अजून दिसतात. लोखंड नव्हते. चाक नव्हते. ओझ्याचे जनावर नव्हते. पाळलेले होते ते कुत्रे आणि टर्की. दगड, पाणी, लाकूड, मक्याची कणसे, सगळे माणसाच्या पाठीवर. शेते वर पठारावर आणि घर खाली कपारीत. ये-जा करायला कड्यात हाताची बोटे आणि पायाचा चवडा मावेल एवढ्या खोबणी खोदलेल्या. त्या खोबणींतून पाठीला पोर बांधलेली बाई उतरत असेल.

दळणाची जागा पाहिली. त्यांचे दळणाचे साधन आपल्या जात्यासारखे फिरते नसते. पाट्या-वरवंट्यासारखे असते, पण पाटा लांबट आणि मध्ये खोल गेलेला. गुडघ्यांवर बसून, अंगाचा भार देऊन मका भरडायचा. वालुकाश्म ठिसूळ असल्याने पिठात वाळू उतरे. सापडलेल्या सांगाड्यांचे दात त्या वाळूने झिजून सपाट झालेले आहेत. सरासरी आयुष्य बत्तीस-चौतीस वर्षांचे; निम्मी मुले पाच वर्षांची होण्याआधीच जात. या उद्यानावरच्या रंगीत पुस्तकांत 'हरवलेली सुवर्णसंस्कृती' असे काहीतरी लिहिलेले असते. ते लिहिणाऱ्याने तो पाटा नीट पाहिला नसावा.

गोल तळघरांना होपी लोकांच्या भाषेतून आलेला 'किवा' हा शब्द वापरतात. किवात छपराच्या भोकातून शिडीने उतरायचे. भिंतीला लागून ओटा, छप्पर पेलायला बहुधा सहा खांब, मध्ये शेकोटी. या शेकोटीची रचना मला फार शहाणपणाची वाटली. बाहेरून एक बोगदा खाली आणलेला असतो, त्यातून थंड हवा आत येते. ती सरळ आगीवर जाऊ नये म्हणून मध्ये एक छोटी आडवी भिंत. हवा भिंतीवर आपटून दोन्ही बाजूंनी पसरते, आणि धूर शिडीच्या भोकातून वर जातो. माझी आई चाळीस वर्षे बिनखिडकीच्या खोपटात चुलीपाशी डोळे पुसत बसली, त्यामुळे या भिंतीचे मोल मला अधिक वाटले असेल. शेकोटीपलीकडे जमिनीत एक लहानसे भोक असते. त्याला सिपापू म्हणतात. माणसे खालच्या जगातून या जगात वर आली, ती जागा. आजच्या पुएब्लो गावांतही किवा आहेत. तिथे बाहेरच्या माणसाला सहसा प्रवेश नाही. मेसा व्हर्डेला मात्र लाखो बाहेरचे लोक किवात डोकावून जातात. मीही डोकावले. ते नंतर थोडे लागले.

माझ्यासारखी बाई कुठल्याही जुन्या गावात शिरली की नकळत एक गोष्ट शोधते : यांचे पाणी सगळ्यांना एक होते का, आणि कुणाची घरे वेगळी होती का. क्लिफ पॅलेसमध्ये गावाचे दोन भाग करणारी, दार नसलेली एक भिंत अभ्यासकांनी दाखवली आहे. हे ऐकले आणि मी चमकले. पण पुढचे ऐकावे. आजही टेवा भाषिक पुएब्लो गावांत लोक दोन गटांत विभागलेले असतात, उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे. गावाची धुरा काही महिने एका गटाकडे, उरलेले महिने दुसऱ्याकडे. ही रचना सर्वांत नीट समजावून सांगितली ती अल्फोन्सो ऑर्टिझ यांनी. ते स्वतः सान हुआन पुएब्लोचे. १९६९ साली त्यांचे 'द टेवा वर्ल्ड' प्रसिद्ध झाले. क्लिफ पॅलेसची भिंत अशाच दोन गटांची असावी असा तर्क आहे. ती गावाचे दोन भाग करते, पण एकाला दुसऱ्याच्या वर बसवते असे म्हणायला आधार नाही. मी ते मान्य केले. त्याचबरोबर इथे समतेचे नंदनवन होते असे मानायलाही मी तयार नाही. याच प्रदेशात तेराव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत गावेच्या गावे मारली गेल्याचे पुरावे कॅसल रॉक येथे उत्खननात मिळाले आहेत. पठारावरची मोकळी शेतघरे सोडून माणसे कड्याच्या अवघड कपारीत का शिरली, याच्या उत्तरात भीतीचाही वाटा धरावा लागतो. 'बाल्कनी हाउस' नावाच्या घरात शिरायला एकेकाने रांगत जावे लागेल एवढीच वाट ठेवलेली आहे.

आता ते 'लुप्त' होणे. या बाबतीत झाडांनी साक्ष दिली. ए. ई. डग्लस हे मूळचे खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरच्या डागांचा पावसाशी काही संबंध लागतो का, म्हणून ते झाडांची वलये मोजीत होते. ओल्या वर्षी वलय रुंद, कोरड्या वर्षी अरुंद. जिवंत झाडापासून मागे जात, जुन्या तुळयांची वलये एकमेकांशी जुळवीत त्यांनी वर्षांची साखळी केली. अवशेषांतल्या तुळयांची दुसरी साखळी वेगळी तरंगत होती. दोहोंमध्ये दुवा नव्हता. १९२९ साली अॅरिझोनातील शो लो गावी सापडलेल्या एका जळक्या तुळईने तो दुवा जोडला. त्यामुळे मेसा व्हर्डेच्या कुठल्या घराचे लाकूड कुठल्या वर्षी तोडले ते वर्षासकट सांगता येऊ लागले. १२८० च्या सुमारास लाकूडतोड थांबते. आणि त्याच वलयांत १२७६ ते १२९९ असा लांबलचक दुष्काळ लिहिलेला आहे.

पण केवळ दुष्काळ म्हटले तर ते अपुरे होईल. बाराव्या शतकाच्या मध्यातला मोठा दुष्काळ याच लोकांनी पठारावर राहून काढला होता. या वेळी आजूबाजूच्या प्रदेशात माणसे फार झाली होती, वीस-पंचवीस हजारांचा अंदाज आहे. सरपण तुटले, हरणे संपत आली, जमीन थकली, भांडणे वाढली. दक्षिणेकडे, रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात, नव्या गावांची आणि नव्या विधींची ओढ होती. तेव्हा माणसे उठली आणि चालू लागली. काही टोळ्या रिओ ग्रांदेकडे, काही आकोमा-लगुनाकडे, काही झुनी आणि होपींच्या मुलखाकडे. मोठी भांडी, दळणाचे पाटे मागे राहिले, कारण ते पाठीवर नेता येत नव्हते.

आमच्या वस्तीत दसरा झाला की घरांना कुलपे लागत. ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकमध्ये बसून निघत आणि कारखान्याच्या कडेला पाचटाच्या कोपी घालून चार-सहा महिने राहत. मी लहान असताना दोन वर्षे अशा कोपीत काढली आहेत. मागे गावात कुणी पुरातत्त्वज्ञ आला असता तर त्याला थंड चुली, रिकामे माठ आणि कोपऱ्यातला पाटा दिसला असता. आम्ही गूढरीत्या लुप्त झालो, असे त्याने लिहिले असते काय? त्याने लिहिलेही असते. शंभर कोसांवर जाऊन विचारण्याची तसदी घेतली नाही तर कुणालाही लुप्त करता येते.

पुएब्लो लोक आज आहेत. न्यू मेक्सिकोत त्यांची एकोणीस गावे आहेत, अॅरिझोनात होपी आहेत. त्यांच्या पूर्वजांच्या प्रवासाच्या कथांत ही जुनी स्थाने येतात. १६८० साली पोपे यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी उठाव करून स्पॅनिश सत्तेला बारा वर्षे आपल्या मुलखाबाहेर ठेवले. अमेरिकेने १९२४ साली मूळ रहिवाशांना नागरिकत्व दिले तरी न्यू मेक्सिकोत मत देता येत नव्हते. ते १९४८ साली मिळाले, मिगेल ट्रुहियो यांनी खटला लढवल्यामुळे. ट्रुहियो हे इस्लेटा पुएब्लोचे, दुसऱ्या महायुद्धात लढून आलेले आणि पेशाने शिक्षक. हे नाव मला त्या सहा आठवड्यांत पहिल्यांदा कळले. ते पुस्तकाच्या दीड पानात नाही.

मग लुप्त झाल्याची कथा कुणी रचली आणि ती कुणाच्या सोयीची? १८८८ च्या १८ डिसेंबरला रिचर्ड वेदरिल आणि त्याचा मेहुणा चार्ली मेसन हे गुराखी चुकार जनावरे शोधत असता त्यांना क्लिफ पॅलेस दिसला, आणि शोध लागला असे लिहिले गेले. या घळयांत मोठमोठी घरे आहेत हे वेदरिलला आधीच एका यूट माणसाने सांगितले होते. यूट लोकांना ती ठाऊक होती. मृतांची जागा म्हणून ते तिकडे जात नसत. (१८१९ साली इंग्रज शिकारी अजिंठ्यात पोचला त्या गोष्टीतही वाट दाखवणारा कुणीतरी स्थानिक असतोच.) वेदरिल बंधूंनी भांडी, वस्त्रे, मानवी अवशेष काढले, विकले. ही घरे आजच्या पुएब्लोंच्या पूर्वजांची आहेत असे म्हटले असते तर धन्याला विचारावे लागले असते. कुणी गूढ जमात नाहीशी झाली म्हटले की माल बेवारशी ठरतो.

नावाचेही तेच. 'अनासाझी' हा नवाहो भाषेतला शब्द. त्याचा अर्थ 'शत्रूंचे पूर्वज' असा सांगतात. वेदरिलने तो उचलला, पंडितांनी ग्रंथांत पक्का केला. पुएब्लो लोक म्हणाले, आमच्या आजोबांना शेजाऱ्याने दिलेले हे नाव आम्हांला नको. आता 'पूर्वज पुएब्लो' असे म्हणतात. होपींचा स्वतःचा शब्द 'हिसातसिनोम'. उपकाराच्या भावनेने दिलेले नाव आपणही एकदा परत केले आहे, तेव्हा या नकाराचे मर्म या अंकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

१८९१ साली गुस्ताफ नॉर्डेनशोल्ड नावाचा तेवीस वर्षांचा स्वीडिश तरुण येथे आला. त्याने काळजीपूर्वक मोजमापे घेतली, छायाचित्रे काढली, १८९३ साली ग्रंथ लिहिला. काम चांगले होते हे मान्य करायला हवे. पण आगगाडीत चढवलेल्या पेट्यांत मानवी अवशेषही होते. डुरँगो गावी त्याला अटक झाली आणि सुटकाही झाली, कारण असे नेऊ नये असा कायदाच नव्हता. या प्रकरणाने चळवळीला जोर आला. व्हर्जिनिया मॅक्लर्ग आणि ल्युसी पीबडी या दोन बायकांनी कित्येक वर्षे खटपट केली. १९०६ च्या जूनमध्ये आधी पुरावस्तूंचा कायदा आणि २९ तारखेला हे राष्ट्रीय उद्यान झाले. माणसाच्या हातच्या कामाच्या जतनासाठी केलेले ते देशातले पहिले. नंतर ध्यानात आले की बरीचशी नामांकित घरे यूट लोकांच्या राखीव जमिनीत आहेत. तेव्हा अदलाबदल करून ती जमीनही उद्यानात घेतली गेली. लोकांची घरे जपण्यासाठी लोकांची जमीन घ्यावी लागते, हा तिथलाही अनुभव.

नॉर्डेनशोल्डच्या पेट्या फिरत फिरत फिनलंडला पोचल्या आणि हेलसिंकीच्या राष्ट्रीय संग्रहालयात शंभराहून अधिक वर्षे राहिल्या. होपी, झुनी, आकोमा आणि झिया या चार समाजांनी आपली माणसे परत मागितली. अमेरिकेत १९९० साली तसा कायदा झालेला होता, पण तो फिनलंडवर चालत नाही. बोलणी करावी लागली. २०१९ साली करार झाला आणि २०२० च्या सप्टेंबरात वीस व्यक्तींचे अवशेष आणि त्यांच्यासोबत पुरलेल्या अठ्ठावीस वस्तू परत आल्या. बाकीचा संग्रह हेलसिंकीतच राहिला. त्या वीस जणांना मेसा व्हर्डेच्या मातीत पुन्हा पुरले. ती जागा आमच्या हातातल्या नकाशावर नव्हती. मी रेंजरला विचारलीही नाही.